पाच दात गेले, वंदना राहिली

वंदना,

तुझ्या तेरवीला गुरुजींनी मला बोलायला उभं केलं. मांडवाखाली सगळं गाव बसलेलं, समोर तुझा फोटो, आणि माइक माझ्या हातात. एवढी वर्षं अंगणवाडी चालवली मी, पोरांचा कालवा एका हाकेत बंद करणारी बाई, पण त्या दिवशी तोंडातून एकच वाक्य निघालं. "वंदना मोठ्यानं हसायची," एवढं म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बिचारी दुःखात आहे. दुःखात होतेच, पण खरं सांगू का, मला जे बोलायचं होतं ते माइकवरचं नव्हतंच. ते तुला एकटीला सांगायचं होतं, आणि तू तर फोटोत जाऊन बसलीस.

म्हणून हे लिहायला घेतलं. थोडं लांबेल. मला मध्येच तोडायची तुझी सवय इथं चालणार नाही, थोरली जाऊ आहे मी तुझी.

फोटोवरूनही कुरबुर झालीच. भाऊजींनी तो गंभीर फोटो काढून ठेवला होता, आधार कार्डासारखा. मी म्हटलं, ही कोण बाई, मी ओळखत नाही हिला. मग शोधून शोधून तो संक्रांतीचा काढला, तू तोंड उघडून हसते आहेस, वरच्या दोन दातांची खिडकी दिसते आहे. तुझ्या माहेरची कोणीतरी हळूच म्हणाली की तेरवीच्या फोटोत दात दाखवतात काय. मी म्हटलं, हिच्या फोटोत दाखवायचे, फार मेहनतीचे आहेत ते.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा हसताना पदर तोंडावर घ्यायचीस. सासूबाई खूश, सून मर्यादेची आहे म्हणून. मीही तेच समजले. तुझ्या हिरड्यांतून रक्त यायचं आणि तुला त्याची लाज वाटायची, हे मला वर्षभरानं कळलं, आणि कळल्यावर मी काय केलं? कमरेची तपकिरीची डबी काढली, चिमूट तुझ्या बोटावर ठेवली आणि दाताला घासायला सांगितली. तंबाखूनं हिरडी बधिर होते, तेवढंच मला ठाऊक. आमच्या आईनं मला तसंच शिकवलं, मी तुला शिकवलं. सकाळी अंगणवाडीत पोरांना भिंतीवरचा तक्ता दाखवून "दात घासा, दात घासा" म्हणवून घ्यायची, आणि दुपारी आपण दोघी तुरी निवडताना बोटानं तपकीर घासत बसायचो. याच्यावर तू नंतर मला किती छळलंस, ते आठवलं की अजून हसू येतं.

तुझ्या हृदयाची झडप खराब आहे हे दुसऱ्या बाळंतपणानंतर कळलं. लहानपणी तुला सांधे सुजून ताप आला होता म्हणे, तेव्हापासून हृदयाला इजा झालेली, आणि तू तशीच शेतात राबत आलीस. पुढं काही वर्षं गोळ्यांवर निघाली. मग एक दिवस नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता झडप बदलावी लागेल. आपण तिघं, तू, मी आणि भाऊजी, डबे बांधून, कपडे घेऊन गेलो. आणि त्या डॉक्टरांनी तुला काय म्हणावं? तोंड उघडा. मग कागदावर हृदय काढून समजावलं. हिरड्यांत पू आहे, त्यातले जंतू रक्तात उतरतात, आणि नव्या झडपेवर जाऊन बसले तर सगळं ऑपरेशन फुकट, जिवावर बेतेल. आधी दाताच्या डॉक्टरकडून तोंड साफ झाल्याचं लिहून आणा.

बाहेर आल्यावर मी किती बडबडले. म्हटलं, काळीज दाखवायला आलो अन् हे दात मोजून राह्यले. भाऊजी माझ्याच बाजूचे. तू तो हृदयाचा कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलास.

यवतमाळला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं तुला मीच घेऊन गेले. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की पाच दात काढावे लागतील, त्यातले दोन वरचे. बाकीच्यांची मुळापासून सफाई करू, हिरड्या बऱ्या होतील. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आधी गोळ्या देऊ, मगच हात लावू. किती नीट सांगत होती ती. माझं मात्र "वरचे दात" एवढं ऐकूनच डोकं फिरलं. आमच्या मावशीचा वरचा दात काढला आणि सहा महिन्यांत तिला दिसेनासं झालं. मावशी पंचाहत्तरीची होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. मी तुझा हात धरला आणि त्या खुर्चीवरून तुला उठवलं.

"चाल ऊठ. काळीज तर गेलंच हाय, आता डोयेबी घालवतं का?" असं म्हटलं मी, डॉक्टरीणबाईंसमोर.

तू उठलीस. त्या वेळी मी सांगितलं म्हणजे तू ऐकायचीस. एसटीत पुढच्या सीटचा दांडा धरून कळंबपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलीस. मी रस्ताभर मावशीची गोष्ट सांगत होते, आणि मला वाटत होतं की मी तुला वाचवून आणलं.

आता हे लिहायचं ते लिहायचं. पुढचे तीन महिने मला सगळं दिसत होतं. नळावरून हंडा आणताना तू वाटेत दोनदा बसायचीस. संध्याकाळी पायावर सूज यायची, जोडव्याचा वळ पडायचा. भाकरी थापता थापता थांबायचीस आणि तवा करपायचा. मला कोणीही विचारलं तरी मी हेच सांगायची की मला काही कल्पना नव्हती. होती. रोज दिसायचं. पण एकदा मी तुला खुर्चीवरून उठवलं होतं, आता परत बस म्हणून सांगायचं म्हणजे मी चुकले असं कबूल करायचं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. एवढ्याशा गोष्टीपायी मी तुझा जीव टांगून ठेवला. तुला मेलेलं पाहण्यापेक्षा मला चूक मान्य करणं जड गेलं, वंदना.

मग तू एकाएकी चतुर्थी धरलीस. म्हणालीस, कळंबच्या चिंतामणीला जाते, नवस आहे. मला बरं वाटलं, म्हटलं देवाच्या हाती सोडलं हिनं. सोबत येते म्हटलं तर तू नको म्हणालीस, नवसाला एकटीनंच जायचं असतं म्हणे. असा कुठला नवस असतो गं? पण मी मानलं.

पहिल्या चतुर्थीला आलीस ती तोंडाला पदर लावून. उपास आहे म्हणालीस, जेवली नाहीस, नुसतं थंड दूध प्यायलीस. दुसऱ्या चतुर्थीला तेच. मला वाटलं, काय कडक उपास करते पोरगी. तिसऱ्या वेळी तू सरळ माझ्यासमोर ओसरीत येऊन बसलीस. मी ब्लाऊजला हातशिलाई करत होते. तू माझ्या हातातली सुई घेतलीस, दोरा दातानं तोडायला गेलीस आणि थांबलीस, मग कात्रीनं कापलास. सुई उजेडाकडं धरलीस आणि दोरा ओवलास. एका दमात. मग ओवलेली सुई माझ्या नाकासमोर धरलीस आणि पदर खाली केलास. गालाच्या आत कापसाचा बोळा होता, बोलता येईना नीट, तरी बोललीस.

"पाहा बाई. पाच दात गेले. डोये जाग्यावर हायेत."

डॉक्टरीणबाईंचं लेखी पत्र तुझ्या पिशवीत होतं. मी एवढंच विचारलं की मग देवाला खोटी पडलीस का. तू नाही म्हणून मान हलवलीस. दर वेळी येताना कळंबला उतरत होतीस. देऊळ तर खोल, जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि तेवढ्या पायऱ्या परत चढायची तुझ्यात ताकद नव्हती. म्हणून वरूनच हात जोडून, चिंतामणीला "खाली येता येत नाही, समजून घे" असं सांगून दुसऱ्या एसटीत बसायचीस. वरचे दोन दात काढून घेऊन आलेली बाई, एकटी, उन्हात उभी. आणि मी घरी तुझ्या उपासाचं कौतुक करत होते.

ऑपरेशन झालं. नवी झडप धातूची, तिचा आवाज यायचा. शांत दुपारी तू शेजारी बसलीस की टिक, टिक, टिक. अंगणवाडीतली पोरं तुझ्या छातीला कान लावायला रांग लावायची. आमची एक चिमणी घरी जाऊन सांगत होती की वंदनाकाकूनं घड्याळ गिळलं. मी वरून रागवायची, पोरांनो सोडा तिला, पण खरं म्हणजे तो आवाज मलाही लागायचा. तू माहेरी गेलीस की दुपार मुकी वाटायची.

आणि ती कळंबची फेरी. ऑपरेशनला सहा महिने झाले तेव्हा तू मला धरून नेलंस. पायऱ्या उतरलीस, दर्शन घेतलंस, आणि चढताना एकदाही थांबली नाहीस. वर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी, आणि मी अर्ध्यात धापा टाकते आहे. "या बाई, या, हळू या, मी थांबते," असं म्हणून तू जी हसायला लागलीस ती पुजारी बाहेर आला काय झालं पाहायला. पदर खांद्यावर होता तुझा. त्या दिवसापासून तो तोंडावर गेलाच नाही.

त्यानंतर मात्र तू कोणाच्या बापाला ऐकली नाहीस. माझी तपकिरीची डबी उकिरड्यावर रिकामी केलीस, धुतलीस, आणि तिच्यात सुया भरून मला परत दिलीस. मी आठ दिवस अबोला धरला, दुसरी डबी आणली, तीही गेली. अशा किती डब्या गेल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. गावात बाया वाण म्हणून कोणी वाट्या देते, कोणी चहाची गाळणी. तू दिलेस दात घासायचे ब्रश. तिळगूळ, हळदीकुंकू, ओटी, आणि हातात ब्रश. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी चूल फुंकायच्या निमित्तानं आत जाऊन बसले. बाहेर खी खी चाललेली. कोणीतरी विचारलं, वंदे, पुढच्या वर्षी काय कंगवा देतं का? तू म्हणालीस, पुढच्या वर्षीबी ब्रशच, हा घासून घासून वाकडा करून आणजा, मंग नवा देतो. आणि खरंच गं, पुढच्या संक्रांतीला सात-आठ जणी वाकडे झालेले ब्रश घेऊन आल्या. दाखवायला.

मग डॉक्टरीणबाईंनाच तू अंगणवाडीत आणलंस. बाया आल्या, पण भिंतीला चिकटून, पदर तोंडावर, पहिली कोण जाते म्हणून एकमेकींना ढोसतायत. तू मध्यभागी जाऊन उभी राहिलीस आणि आपणच तोंड उघडलंस, पार घशापर्यंत.

"पाच गेले, अन् मी राह्यली. लपवून ठेवले असते तं दात राह्यले असते अन् मी गेली असती."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा चहा तीनदा गार झाला, इतक्या बाया आल्या. त्यांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे. ज्यांची झडप खराब त्यांना तर तोंड जपावंच लागतं. पण ज्यांचं हृदय धड आहे त्यांच्यातही, हिरड्या सदा सुजलेल्या असतील तर हृदयाचं दुखणं जास्त आढळतं. एकामुळंच दुसरं होतं असं डॉक्टर अजून छातीठोक सांगत नाहीत, पण हिरडीतून रक्त येतं म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, ते अंगावर काढू नका. आणि बाईचं हृदय नेहमी छातीतच दुखतं असं नाही. कधी जबडा दुखतो, पाठ दुखते, दम लागतो, आणि बाई समजते दाढ दुखते. हे शेवटचं तू असं धरून ठेवलंस की रस्त्यात कोणी गालाला हात लावलेली दिसली की थांबवून विचारायचीस, दम लागते का? घाम येते का? मंग दातवाल्याकडं नोको, पहिले काळजाची पट्टी काढाले जा. अर्धं गाव तुला वंदना डॉक्टर म्हणायला लागलं. सातवी शिकलेली बाई तू.

चौदा वर्षं, वंदना. नागपूरचे डॉक्टर प्रत्येक तपासणीला म्हणायचे, तोंड फार छान ठेवलं आहे तुम्ही. ते ऐकून तू परीक्षेत पहिली आल्यासारखी घरी यायचीस. दोन्ही पोरांची लग्नं पाहिलीस, नातीला दात आले तेव्हा तिच्या हिरड्या ओल्या फडक्यानं पुसायला सुनेला शिकवलंस. त्या तीन महिन्यांनंतरही तू माझं ऐकून घरीच बसली असतीस तर यातलं काहीच नव्हतं. हे मी रोज मोजते.

आणि मग त्या रविवारी तू पाटा धुता धुता कलंडलीस. डॉक्टर म्हणाले मेंदूची नस फुटली. मी दवाखान्यात तुझ्या खाटेशी उभी होते, आणि तो तरुण डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला की यांचं हृदय मात्र अजून चांगलं चालतं आहे. मी रडत होते आणि त्याच वेळी मला कुठंतरी ताठ मानेनं उभं राहावंसं वाटलं. म्हटलं, चालणारच. बाईनं जिवापाड जपलं आहे ते. मी वाकून तुझ्या छातीला कान लावला, पोरं लावायची तसा. टिक, टिक, टिक. शेवटपर्यंत हरलं नाही गं ते.

आता आपला राहिलेला वाद. माझी वरची दाढ. दोन वर्षं तू मागं लागली होतीस, माझी साखर वाढलेली, हिरडी सुजलेली, आणि मी आज-उद्या करत होते. तपकीर सुटली माझी, पण मावशी सुटली नव्हती. शेवटी तूच मंगळवारचा नंबर लावून आलीस. "मी संगं येतो बाई, हात धरून बसतो," म्हणालीस. मंगळवार यायच्या आधी रविवार आला.

तेरवी आटोपली, पाहुणे गेले. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी लुगडं बदललं, पिशवी घेतली. सुनेनं विचारलं कुठं निघालात, तर मी म्हटलं कळंबला, चिंतामणीला, एकटीनंच जायचं असतं. आणि सरळ यवतमाळची एसटी धरली.

डॉक्टरीणबाईंचे केस पिकले आहेत आता. मला पाहून त्यांनी माझ्या मागं दाराकडं पाहिलं आणि विचारलं, आज वंदनाताई नाही आल्या? मी जाऊन त्या खुर्चीवर बसले आणि तोंड उघडलं. त्यांना कळलं असावं, कारण सुईनं बधिर करताना त्यांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि काम होईपर्यंत काढला नाही. दाढ निघाली. मला दाखवली, काळी ठिक्कर. एवढ्याशा वस्तूसाठी मी एवढी वर्षं घाबरले.

येताना कळंबला उतरले. पायऱ्या उतरून खाली गेले, तुझ्या वाटच्याही.

घरी आले, तोंडात कापूस, सून बिचारी उपासाचं विचारते आहे. मी ओसरीत बसले आणि ती डबी काढली, तपकिरीची, तू सुया भरून दिलेली. चष्मा लावला, खोटं कशाला बोलू. दोरा दातानं तोडायला गेले आणि थांबले, कात्रीनं कापला. पहिल्यांदा दोरा बाजूनं गेला. दुसऱ्यांदा डोळे भरून आले, ते दाढेपायी नाही. तिसऱ्यांदा सुई उजेडाकडं धरली आणि दोरा आरपार गेला. मी ती सुई नाकासमोर धरून बसले, दाखवायला समोर कोणी नव्हतं.

म्हणून इथं दाखवते आहे. पाहा वंदना, डोळे जागेवर आहेत. तुला त्या खुर्चीवरून उठवलं, ते माझं चुकलं होतं. आता हास किती मोठ्यानं हसायचं ते.